गंधक हाताळायला शिकताना: ढीग, मेल्टर आणि टँकर

गंधकाच्या कामात नवखा माणूस पहिली चूक करतो ती वाफेच्या व्हॉल्व्हवर. गंधक वाफेने वितळवून पंपाने लाईनमधून नेतात. पंप ओढेनासा होतो, लाईन जड चालायला लागते. गंधक गार पडला असणार असं समजून तो वाफ वाढवतो. गंधक खरोखरच गार असेल तर काम निभावतं. पण तो आधीच जास्त तापलेला असेल, तर वाढवलेल्या वाफेने उरलासुरला प्रवाहही बंद पडतो.

कारण या पदार्थाचा स्वभावच उलटा आहे. ११५ ते ११९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गंधक वितळतो. १२५ अंशांना तो हलक्या तेलासारखा वाहतो आणि १५५ अंशांच्या आसपास सर्वांत पातळ होतो. मग १५९ अंश ओलांडले की काही अंशांतच चित्र पालटतं. आठ-आठ अणूंची कडी तुटून लांबच लांब साखळ्या बनायला लागतात आणि गंधक काकवीसारखा घट्ट होतो. १८७ अंशांच्या सुमारास शुद्ध गंधकाची चिकटता ९० हजार सेंटिपॉइजच्या पुढे जाते. १५५ अंशांना हाच आकडा सातच्या आसपास होता. म्हणून काम करायचं ते १२५ ते १४५ अंशांच्या पट्ट्यात. खाली गोठण, वर चिकटण.

थर्मामीटरवर भरवसा नसेल तर पळीभर नमुना काढून रंग बघावा. योग्य तापमानाचा गंधक मधासारखा पिवळा आणि पारदर्शक दिसतो, आणि पळी तिरकी केली की लगेच सांडतो. गार होताना पृष्ठभागावर सुया विणल्यासारखे स्फटिक धरतात. लालसर तपकिरी रंग आणि पळीतून लोंबणारी तार दिसली की तो जास्त तापलाय. अशा वेळी वाफ कमी करावी आणि वाट बघावी. दुसरा उपाय नाही. (घाण किंवा तेलकट अंश असलेला गंधकही काळपट दिसतो, म्हणून रंग आणि वाहण्याची तऱ्हा दोन्ही बघायचं.)

गंधक जातो कुठे

जगात काढल्या जाणाऱ्या गंधकाचा बहुतांश भाग सल्फ्युरिक आम्लासाठी जाळला जातो, आणि त्या आम्लाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे फॉस्फेट खतं. हिशेब सोपा आहे: १ टन गंधकापासून सुमारे ३.०६ टन आम्ल मिळतं. रोज १,००० टन आम्ल करणाऱ्या कारखान्याला ३२७ टन गंधक लागतो, वरची थोडी घट वेगळी. गंधक भट्टीत जाळून सल्फर डायऑक्साइड करतात, व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या उत्प्रेरकावर त्याचं ट्रायऑक्साइड करतात आणि ते आम्लात शोषून घेतात. नवख्याने यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी: गंधकातली राख सरळ उत्प्रेरकाच्या पहिल्या थरावर जाऊन बसते. दाब चढत जातो आणि शेवटी संपूर्ण कारखाना थांबवून तो थर चाळावा लागतो. गाळणीवर एवढा जीव टाकायचा तो यासाठी.

रबराच्या कामात प्रमाण अगदीच लहान. नेहमीच्या पद्धतीत १०० भाग रबराला २ ते ३.५ भाग गंधक, आणि एबोनाइटसारख्या कडक रबराला २५ भागांच्या पुढे. इथे कटकट होते ती 'ब्लूम'ची, म्हणजे कच्च्या रबरावर गंधकाची पांढुरकी भुकटी उठून येते आणि थर एकमेकांना चिकटत नाहीत. त्यासाठी अविद्राव्य गंधक वापरतात. पण मिश्रण १०५ अंशांच्या वर गेलं तर तो पुन्हा साधा गंधक होतो आणि त्यावरचा खर्च वाया जातो.

साखर कारखान्यात गंधक जाळून तो वायू रसात सोडतात. व्हिस्कोज धाग्यासाठी लागणारं कार्बन डायसल्फाइड, साबणचुऱ्यासाठीचं सल्फोनेशन, निकेल-तांब्याच्या खनिजांचं आम्लाने विरघळवणं, सगळीकडे हाच गंधक फिरतो. शेतीत ८० टक्क्यांची पाण्यात मिसळणारी भुकटी भुरीवर फवारतात, आणि ९० टक्के गंधक व बाकी बेंटोनाइट माती अशा गोळ्या जमिनीत देतात. त्या गोळ्या दिसायला कारखान्याच्या गोळी गंधकासारख्याच असतात. त्यांची गोणी चुकून मेल्टरमध्ये, म्हणजे गंधक वितळवण्याच्या टाकीत, गेली तर बेंटोनाइटचा चिखल तळाशी बसतो आणि गाळणी काही वेळातच चोंदते. दोन्ही माल एका छपराखाली ठेवूच नयेत.

माल आला की काय बघायचं

पूर्वी गंधक जमिनीखाली अतितप्त पाणी सोडून, वितळवून वर काढत. हर्मन फ्रॅशने ही पद्धत १८९४ मध्ये लुइझियानात यशस्वी केली. आज बाजारातला बहुतेक गंधक तेलशुद्धीकरण आणि नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणातून येतो. तो ९९.९ टक्क्यांच्या आसपास शुद्ध असतो. त्यामुळे माल बिघडतो तो बहुधा वाटेत.

घन माल गोळी, पापुद्रे किंवा ढेकळांच्या रूपात येतो. गोळी मालात भुकटी कमी, ढेकळांत जास्त. ओंजळीत घेऊन चुरडून बघा, सहज भुगा झाला तर तो माल उतरवताना धूळ करणार. मग चार गोष्टींची तपासणी: ओलावा, राख, आम्लता आणि कार्बन. ओलाव्याचा हिशेब पुढे येईलच. आम्लता वाढलेली असेल तर माल ओला राहून जुना झाला असं समजावं, कारण ओल्या गंधकावर वाढणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करत असतात.

ढीग आणि धूळ

कोरडा गंधक लोखंडाला फारसा त्रास देत नाही. ओला गंधक लोखंड खातो. म्हणून गोदामाची जमीन उताराची हवी, पाणी वेगळ्या नाल्यात जायला हवं आणि ढिगाला टेकून लोखंडी खांब नकोत. तांब्या-पितळेच्या वस्तू जवळ ठेवू नयेत, त्या लवकर काळ्या पडून खराब होतात. ॲल्युमिनियम चालतं. क्लोरेट, नायट्रेट, परमँगनेट यांसारखे प्राणवायू देणारे पदार्थ गंधकाच्या शेजारी ठेवायला कोणत्याही सबबीवर परवानगी देऊ नये.

धुळीबद्दल लोकांची समजूत अशी, की हवा पिवळी दिसली तरच धोका. खरा धोका तुळयांवर बसलेल्या थरात असतो. गणित करून बघा. १ मिलिमीटर जाडीचा थर, सैल भुकटीची घनता घनमीटरला ५०० किलो धरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर ५०० ग्रॅम भुकटी आहे. ५ मीटर उंचीच्या खोलीत ती उडाली तर घनमीटरला १०० ग्रॅम. गंधकाच्या धुळीचा स्फोट व्हायला ३५ ग्रॅम पुरतात, आणि ती पेटायला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की अंगावरच्या स्थिर विजेचीही भीती बाळगावी लागते.

म्हणून थर साठू देऊ नये. झाडताना मऊ झाडू आणि ठिणगी न उडणारी फावडी वापरावीत. दाबाच्या हवेने फुंकर मारून सफाई करू नये, त्याने तर आपण होऊन ढग तयार करतो. पट्ट्यावर माल पडतो तिथे पाण्याचा बारीक फवारा द्यावा. गंधक पाणी धरत नाही, म्हणून पाण्यात ओलावा धरवणारं थोडं रसायन घालावं लागतं. पण फवारा हात राखून. मालात २ टक्क्यांच्या आसपास ओलावा धूळ दाबायला पुरतो. त्यापुढचं पाणी मेल्टरमध्ये उकळावं लागतं.

वितळवणं

२५ अंशांचा कोरडा गंधक १४० अंशांपर्यंत वितळवून न्यायला किलोमागे साधारण १४० किलोज्यूल लागतात. ३.५ बारच्या वाफेची सुप्त उष्णता किलोला २,१२० किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे टनाला ६६ किलो वाफ, बाहेर वाया जाणारी उष्णता सोडून. आता त्याच टनात २ टक्के पाणी असेल, तर ते २० किलो पाणी नुसतं उकळून उडवायला आणखी २४ किलो वाफ जाते. ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे १२ किलो वाफ, हे ढोबळ माप डोक्यात ठेवावं. पावसात भिजलेला माल आला की मेल्टरची क्षमता अचानक का घटते, ते यावरून कळतं.

वाफ ३.५ ते ४ बारची, संपृक्त (त्या दाबाच्या उकळबिंदूवरचीच, त्याहून जास्त न तापलेली) हवी. तिचं तापमान १४८ ते १५२ अंश असतं, म्हणजे चुकूनही गंधक घट्ट होण्याच्या हद्दीत जात नाही. ७ बारची वाफ १७० अंशांची असते, आणि अतितप्त वाफेचा तर नेमच नाही. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला म्हणजे झालं असं नाही. दाब उतरल्यावर वाफ अतितप्त होत असेल तर तिच्यात पाणी फवारून ती संपृक्त करावी लागते.

मेल्टर सुरू करताना आधी कॉइल (वाफेच्या नळीचं वेटोळं) बुडेल इतका वितळलेला गंधक तळाशी असावा. उघड्या कॉइलवर घन माल टाकला तर उष्णता नीट जात नाही आणि ढेकळं कॉइलवरच अडकतात. ढवळणी चालू करून, पातळी आणि तापमान बघत, माल हळूहळू सोडावा. ओला माल एकदम टाकला की फेस येतो आणि मेल्टर दुधासारखा उतू जातो. फेस दिसताच माल बंद करावा, ढवळणी चालू ठेवावी, फेस बसू द्यावा.

आम्लता मारायला विरवलेल्या चुन्याची भुकटी मालाबरोबरच टाकतात. मात्रा अंदाजाने नको. १ किलो आम्लाला ०.७५ किलो चुना लागतो. १०० टन मालात ०.०१ टक्का आम्लता असेल तर आम्ल १० किलो, चुना साडेसात किलो, वर थोडा जास्तीचा. हात सैल सोडून चुना टाकला तर तो सगळा गाळणीवर येऊन बसतो. न टाकला तर कॉइल आणि ढवळणीचं लोखंड आम्ल खातं.

मग गाळणी. पानांच्या, म्हणजे चपट्या जाळ्यांच्या, गाळणीवर आधी डायटोमाइटचा (सच्छिद्र मातीच्या भुकटीचा) लेप चढवावा लागतो, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. स्वच्छ गंधकात डायटोमाइट मिसळून तो गाळणीतून फिरवत राहायचं, बाहेर येणारा गंधक काचेसारखा दिसेपर्यंत. मधेच पंप थांबला तर लेप पानांवरून गळून पडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई करून अर्धवट लेपावर माल सोडला तर राख जाळीच्या आत शिरते आणि ती पानं नुसती धुऊन निघत नाहीत.

जॅकेटची पाईपलाईन

गंधकाची लाईन म्हणजे नळीत नळी: आत गंधक, भोवती वाफ. फ्लँजजवळ (दोन नळ्यांच्या सांध्याजवळ) हे बाहेरच्या नळीचं जॅकेट तुटतं आणि वाफ छोट्या जोडनळीने पुढच्या तुकड्यात जाते. लाईन अडली की नव्वद टक्के लक्ष याच जागांवर द्यावं: बंद पडलेला स्टीम ट्रॅप (वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारा), पाण्याने भरलेलं जॅकेट, जॅकेट नसलेला एखादाच व्हॉल्व्ह. ट्रॅपच्या आधीची आणि नंतरची नळी तापमान मोजणाऱ्या बंदुकीने तपासली की दोष लगेच सापडतो. लाईनला उतार असावा, म्हणजे थांबल्यावर गंधक आपोआप साठवणीच्या खड्ड्यात परत जातो. टाकीच्या वरच्या व्हेंटलाही (हवा आत-बाहेर करणाऱ्या नळीलाही) जॅकेट हवं. गंधकाची वाफ थंड व्हेंटमध्ये गोठून तो बुजवते, आणि पंप ओढायला लागला की टाकी आत चेपते.

लाईन आत गोठलीच तर उतावीळपणा करू नये. घन गंधकाची घनता २.०७, द्रवाची १.८ च्या आसपास. वितळताना तो जवळपास १५ टक्के फुगतो. दोन्ही बाजूंना घट्ट गोठलेल्या नळीचा मधलाच भाग तापवला, तर फुगलेल्या गंधकाला जायला वाट नसते, मग गास्केट फाटतं किंवा नळी. म्हणून एक टोक उघडायचं आणि वाफ त्या टोकाकडून आतल्या बाजूला, तुकड्या-तुकड्याने सोडत जायची. गोठलेल्या टाकीलाही तोच न्याय आहे. तळाची कॉइल तापवण्याआधी वरच्या कवचातून उभी तापलेली वाट झाली पाहिजे, नाहीतर कवचाखाली दाब साठतो. गॅसच्या ज्योतीने लाईन तापवायची नाही. गंधक २३२ अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो.

पंप सुरू करण्यापूर्वी दांडा हाताने फिरवून बघावा. सहज फिरला तरच बटण दाबावं. अडलेला दांडा मोटरच्या जोरावर सोडवायला गेलं की कपलिंग तुटतं.

टँकर उतरवताना

वितळलेला गंधक उष्णतारोधक आवरणाच्या टँकरमधून जातो. २२ टन माल म्हणजे जेमतेम सव्वाबारा घनमीटर. टाकी लहान दिसते म्हणून वरपर्यंत भरायचा मोह होतो, पण वजनाची मर्यादा आधी गाठली जाते.

खरा वैरी वायू आहे. तेलशुद्धीकरणातून आलेल्या गंधकात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असतो: वायू काढून न टाकलेल्या मालात वजनाने २०० ते ३५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), काढून टाकलेल्यात १० पीपीएमच्या आत. प्रवासात माल गार होतो, हलतो, आणि हा वायू वरच्या पोकळीत जमतो. शुद्ध गंधकाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. लोक ज्याला 'गंधकाचा वास' म्हणतात तो बहुधा हाच वायू असतो, किंवा जळलेल्या गंधकाचा धूर. १०० पीपीएमला नाक बधिर होतं, आणि तीच पातळी जिवाला धोकादायक धरली जाते. वास गेला म्हणजे वायू गेला, असं कधीही समजू नये.

क्रम असा ठेवावा:

१. टँकर सपाट जागी उभा करून चाकांना ठोकळे लावा, चावी काढून घ्या. अर्थिंगची क्लिप आधी जोडा, बाकी सगळं नंतर.

२. कागदावरचं तापमान आणि टाकीच्या थर्मामीटरचं तापमान जुळवा. १२५ च्या खाली असेल तर टँकरच्या कॉइलला वाफ द्या. कॉइलवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त नको, कारण कॉइल फुटली तर पाणी सरळ गंधकात जातं.

३. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड, कातडी लांब हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि पँट बुटाच्या बाहेर. बुटात खोचलेल्या पँटमधून सांडलेला गंधक थेट पायावर जातो.

४. वायुमापक अंगावर लावा. झाकण उघडणाऱ्याने वारा पाठीमागून येईल असं उभं राहावं, श्वसनयंत्र लावावं आणि झाकण आधी किंचितच ढिलं करावं. आत वाकून बघू नये.

५. होज आणि उतरवण्याची लाईन गरम झाल्याची खात्री करा. होजमध्ये पाण्याचा थेंबही नको. १ लीटर पाण्याची जवळपास १,७०० लीटर वाफ होते आणि ती गंधक उसळवते.

६. खालचा व्हॉल्व्ह पाव उघडा, गळती बघा, मग पूर्ण उघडा. गंधक टाकीत उंचावरून पडू देऊ नका. बुडालेल्या नळीतून सोडला तर स्थिर वीजही कमी साठते आणि वायूही कमी सुटतो.

७. संपल्यावर होज रिकामा करा, व्हॉल्व्हचं तोंड पुसा, झाकण बंद करा. अर्थिंग सगळ्यात शेवटी काढा.

रिकाम्या टाकीतही धोका उरतो. तिच्या भिंतींवर आयर्न सल्फाइडचा काळा थर असतो. तो कोरडा होऊन हवेशी भिडला की स्वतःहून तापतो, पेटतोही.

अंगावर गंधक पडला तर भरपूर थंड पाणी ओतावं. चिकटलेला गंधक ओढून काढू नये, त्याबरोबर कातडी येते. तो डॉक्टरांनीच काढावा.

आग लागली तर

गंधकाची ज्योत निळी आणि फिकी असते, भर उन्हात दिसतही नाही. आधी धूर झोंबतो, मग आग सापडते. १ टन गंधक जळाला की २ टन सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणून आगीपेक्षा लोकांना वारा जिकडून येतो त्या बाजूला हलवणं आधी. इराकमधल्या अल-मिश्राकचे गंधकाचे साठे २००३ च्या जूनमध्ये पेटले, ते जवळपास महिनाभर जळत होते.

ढिगावर पाण्याचा बारीक फवारा मारावा, जोराची धार नाही. धारेने धूळ उडते आणि वितळलेला गंधक दूर फेकला जातो. बंद टाकीला आग लागली तर सगळी तोंडं बंद करून आत वाफ सोडतात. टाकीत पाणी ओतलं तर ते तळाशी उकळून सगळं बाहेर येतं.

कागद, खुणा आणि जहाज

घन गंधकाचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १३५०, वितळलेल्याचा २४४८, दोन्ही वर्ग ४.१, म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थांमध्ये. गोळी, दाणे, पापुद्रे अशा ठरावीक आकारात बनवलेल्या घन गंधकाला आंतरराष्ट्रीय नियमांत १३५० मधून सूट आहे. ढेकळं आणि भरड मालाला नाही. हा फरक कागदावर चुकला तर माल बंदरात अडतो. वितळलेल्या मालाच्या टँकरला थर्मामीटरचं चित्र असलेली त्रिकोणी खूण लागते, आणि युरोपीय पद्धतीच्या नारिंगी पाटीवर वर ४४, खाली २४४८ असतं.

जहाजाचे होल्ड (माल भरायचे कप्पे) भरण्याआधी गोड्या पाण्याने धुवावे लागतात. समुद्राच्या पाण्यातलं मीठ उरलं तर ओल्या गंधकाचं गंजवणं आणखी वेगाने चालतं. मग आतल्या पोलादाला चुन्याची सफेदी देतात, म्हणजे पोलाद आणि माल यांच्यात पडदा राहतो आणि तयार होणारं आम्ल चुना पिऊन घेतो. बिल्जच्या (तळाशी पाणी जमतं त्या खड्ड्यांच्या) झाकणांवर गोणपाट बांधतात, जेणेकरून पाणी जाईल, माल जाणार नाही. प्रवासात मालातून निथळलेलं पाणी बिल्जमध्ये जमतं, ते नियमित उपसत राहायचं. साचून राहिलं तर तळाच्या पत्र्याला तेच भोक पाडतं.

माल उतरवल्यावर होल्ड कोरडा झाडण्यापेक्षा धुणं बरं. फासळ्यांमागे आणि शिडीच्या पायऱ्यांखाली बसलेली भुकटी आधी ओली करावी, मग खरवडावी. ते पाणी आम्लयुक्त असतं. पीएच पट्टी बुडवून बघितल्याशिवाय आणि बंदराची परवानगी घेतल्याशिवाय ते बाहेर सोडू नये.